फाउस्तिनाचे केस कुणी कोरले?

हुपरीच्या मामांना मी त्या दिवशी व्हॉट्सॲपवर एका नाण्याचे चार फोटो पाठवले आणि खाली काहीच लिहिलं नाही, म्हटलं आधी बघू देत. मामांची सगळी हयात चांदीच्या धंद्यात गेली, पैंजण, जोडवी, करदोडे, सुरुवातीला सगळं हातानं आणि नंतर डायवर, म्हणजे ठशावर. दहा मिनिटांत फोन आला. "काय रं, हे केस नंतर कोरल्यात की कुणीतरी. ठशातनं असं येत न्हाई." मी म्हटलं मामा अहो हे रोमन नाणं आहे, जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचं. तर म्हणाले, "असंल की. नाणं जुनंच हाय. पर बाईचे केस नवीन हायती."

नाण्यावर फाउस्तिना, एका रोमन सम्राटाची बायको, आणि ते हातात येऊन तेव्हा आठवडाच झाला होता. ३५० पाउंड मोजले होते, माझ्यासाठी ही मोठी रक्कम आहे, आणि घरात बायकोला दाखवताना मी सगळ्यात जास्त कौतुक त्या केसांचंच केलं होतं, बघ किती बारीक वेण्या आहेत, बघ कसा अंबाडा डोक्यावर चढवलाय. फोन ठेवला आणि भिंग घेऊन बसलो ते रात्रीचे दोन वाजले. त्या रात्री जे दिसलं आणि नंतरच्या वर्षभरात जे शिकलो ते आज सविस्तर लिहितोय, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत मला याबद्दल वाचायला काही मिळालं नव्हतं आणि आता आपली बरीच मुलं इकडे युरोपात राहून अशी नाणी ऑनलाइन घेतायत.

मी लीड्सला असतो. इथून यॉर्क ट्रेननं अर्ध्या तासाच्या आत, आणि यॉर्क म्हणजे तेच गाव जिथे इ.स. ३०६ मध्ये सैन्यानं कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून जाहीर केलं. माझं पहिलं नाणं त्याचंच. एका रविवारी कॉइन फेअरमध्ये २० पाउंडांना घेतलेलं, नखाएवढं ब्राँझ, मागे सूर्यदेव उभा आणि त्याच्या पायाखाली तीन अक्षरं, पी एल एन. टेबलामागच्या आजोबांनी मला समजावून सांगितलं की एल एन म्हणजे लोंदिनियम, हे नाणं लंडनच्या टांकसाळीत पाडलंय. अँटिऑकचं असतं तर ए एन टी असतं, ट्रियरचं असतं तर टी आर. तीन अक्षरांवरून एक वस्तू कुठल्या शहरात तयार झाली ते कळतं हे मला त्या दिवशी इतकं भारी वाटलं की घरी येताना ट्रेनमध्ये मी ते मुठीतच धरून बसलो होतो.

टूलिंगकडे, म्हणजे झिजलेल्या नाण्यावर नंतर कुणीतरी केलेल्या कोरकामाकडे, येण्याआधी ओळख पटवण्याबद्दल थोडं बोलतो, कारण माझा अनुभव असा की नाणं नीट वाचता आलं की टूलिंगची निम्मी चोरी तिथेच पकडली जाते. वजन आणि व्यास आधी घ्यायचा. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळतो, तो घ्याच. चांदीचा देनारियस पहिल्या-दुसऱ्या शतकात साधारण सव्वातीन-साडेतीन ग्रॅमचा, पितळी सेस्टर्शियस २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया आठवा, त्याच्यापेक्षा जरासं रुंद आणि वजनाला दुप्पट. एका देनारियसचे चार सेस्टर्शियस, एका सेस्टर्शियसचे दोन दुपोंदियस किंवा चार अस. दुपोंदियस आणि अस आकारानं सारखेच दिसतात आणि हिरवट थर चढल्यावर पितळ कुठलं आणि तांबं कुठलं ते डोळ्यांना कळत नाही, तेव्हा डोक्याकडे बघायचं, सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकेरी मुकुट असेल तर बहुतेक वेळा दुपोंदियस आणि पानांची माळ असेल तर अस. तिसऱ्या शतकात चांदीचं जे दुप्पट किमतीचं नाणं निघालं, २१५ मध्ये काराकल्ला या सम्राटानं काढलेलं, त्यावरही सम्राटाला हाच किरणांचा मुकुट आहे आणि राणी असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर. सूर्य त्याला आणि चंद्र तिला, हे एकदा डोक्यात बसलं की विसरत नाही.

मग अक्षरं. डावीकडे खाली, घड्याळात सात-आठ वाजलेले असतात तिथून साधारण सुरुवात होते आणि काट्याच्या दिशेनं वर चढत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडलेली असतेच असं नाही, यू च्या जागी व्ही असतो, आणि सगळं संक्षेपात. आय एम पी म्हणजे इम्पेरातोर, सेनापती-सम्राट, ए व्ही जी म्हणजे ऑगस्टस, पी एम म्हणजे मुख्य पुरोहित, टी आर पी म्हणजे ट्रिब्यूनचे अधिकार जे दरवर्षी नव्यानं मोजले जायचे, सी ओ एस म्हणजे कॉन्सल, रोमचं सगळ्यात मोठं सरकारी पद, आणि पुढे कितव्यांदा त्याचा आकडा, पी पी म्हणजे देशाचा पिता. या पदव्यांवरूनच साल काढता येतं. ट्रेजन या सम्राटाच्या नाण्यावर सी ओ एस नंतर पाचाचा आकडा असेल तर ते १०३ ते १११ मधलं, सहा असेल तर ११२ पासून तो ११७ मध्ये वारला तोपर्यंतचं. तेव्हा एखाद्याच्या नाण्यावर पाचव्या कॉन्सलपदासोबत पार्थियावरच्या विजयाची पदवी दिसली, जी त्याला ११६ मध्ये मिळाली, तर कुठेतरी गडबड आहे. अक्षर कुणीतरी बदललंय, किंवा झिजलेलं अक्षर अंदाजानं पुन्हा कोरलंय.

आता माझं नाणं. सेस्टर्शियस, समोर फाउस्तिना, अँटोनिनस पायस या सम्राटाची बायको. ती १४० मध्ये गेली, सेनेटनं तिला देवी ठरवलं, रोमच्या फोरममध्ये तिचं देऊळ बांधलं जे आजही उभं आहे, आत चर्च आहे पण पुढचे खांब तेच. आणि नवऱ्यानं तिच्या नावाची नाणी तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षं पाडली, म्हणून ती आज भरपूर सापडतात. माझ्या नाण्यावर समोर दिवा फाउस्तिना, म्हणजे देवी फाउस्तिना, आणि मागे आएतेर्नितास, म्हणजे शाश्वतता, सिंहासनावर बसलेली, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात गोल आणि त्या गोलावर काहीतरी. दोन बाजूंना एस आणि सी, सेनेटच्या ठरावानुसार.

सेस्टर्शियसवरच टूलिंग जास्त का होतं ते इथे सांगायला पाहिजे. एक तर मोठं नाणं, हात चालवायला जागा भरपूर. दुसरं, ही नाणी पन्नास-शंभर वर्षं सुद्धा बाजारात फिरायची, हातोहात झिजायची, त्यानंतर मातीत १८०० वर्षं, त्यामुळे ज्याच्यावर केस न् केस शिल्लक आहे असं नाणं फारच कमी मिळतं आणि त्याची किंमत झिजलेल्याच्या दहापट वीसपट होते. त्यातही जी चित्रं लोकांना हवी असतात, टायटसच्या नाण्यावरचं कोलोसियम, नीरोच्या नाण्यावरचं ओस्टियाचं बंदर, कॅलिगुलाच्या तीन बहिणी, तिथे तर प्रत्येक नाण्याकडे आधी संशयानं बघावं असं माझं मत झालंय.

मामांनी जे फोटोवरून दहा मिनिटांत ओळखलं ते मला नंतर त्यांनीच व्हिडिओ कॉलवर समजावलं. नाणं कसं पाडतात, खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये धातूची तापवलेली चकती आणि वरून हातोडा. कारागिरानं केस कोरलेत ते ठशात, उलटे आणि खोलगट. धातू त्या खोलात घुसतो आणि नाण्यावर केस उंचवटा होऊन येतो. म्हणजे शेतातल्या सरी-वरंब्यासारखं धरा, पाडलेल्या नाण्यावर कारागिरानं केला तो वरंबा, सरी म्हणजे नुसती मध्ये उरलेली जागा. टूलिंग करणारा मात्र ठशावर काम करत नाही, नाण्यावर करतो, त्याच्याकडे धातू वाढवायची सोय नाही, तो फक्त काढू शकतो. म्हणून तो सरी पाडतो आणि मध्ये उरेल त्याला केस म्हणतो. "वर आल्यालं हाय का खाली खोदल्यालं हाय, येवढंच बघ तू," मामा म्हणाले.

मी आता प्रत्येक नाण्यावर आधी हाच प्रश्न विचारतो. १० एक्सच्या भिंगाखाली धरायचं, खोलीतला मोठा दिवा बंद, एक छोटा टॉर्च अगदी आडवा, नाण्याच्या पातळीलाच, आणि नाणं हळूहळू गोल फिरवायचं. ठशातून आलेल्या केसांचे माथे गोलसर असतात, जाडी कमी-जास्त होत जाते, शेवटाला केस हळूच बाजूच्या केसात मिसळतो. कोरलेली रेघ कशी असते, सुरीनं काकडीला चीर द्यावी तशी, व्ही आकाराची, सगळीकडे एकाच खोलीची आणि शेवटाला एकदम थांबते. माझ्या फाउस्तिनाच्या कानावरच्या केसांत अशा ११ रेघा होत्या आणि त्यातल्या दोन तर कानाच्या पाळीवरून पुढे गेलेल्या, हात सटकला असेल. विकत घेताना मीही हे फोटो मोठे करून बघितले होते, पण तेव्हा माझे डोळे केस बघत होते, रेघा बघत नव्हते.

दुसरी गोष्ट झिजेची. झीज नेहमी उंच भागापासून सुरू होते, कानावरचे केस, भुवई, गालाचं हाड, मागे बसलेल्या देवीचा गुडघा आणि छाती. खोलातले बारकावे शेवटपर्यंत टिकतात. तेव्हा गुडघा पार सपाट झालाय पण त्याच उंचीवरच्या पदराच्या चुण्या मात्र कालच घातल्यासारख्या कडक, असं असूच शकत नाही. माझ्याकडे अगदी हेच होतं, देवीच्या पोटावर एकही चुणी नाही आणि मांडीवर सहा चुण्या समांतर, कंगवा फिरवल्यासारख्या. खऱ्या झिजलेल्या नाण्याला एक सुसंगती असते, चेहरा जितका झिजलाय तितकीच अक्षरं झिजलेली, तितकंच मागचं चित्र. ती सुसंगती मोडली की थांबायचं.

आणि मोकळी जागा, जिला इथले लोक फील्ड म्हणतात. मला विचाराल तर केसांपेक्षा सुद्धा इथे जास्त कळतं, फक्त नवीन माणूस तिकडे बघत नाही. हातोडा पडतो तेव्हा धातू मधून काठाकडे सरकतो, त्याच्या अगदी बारीक रेषा राहतात, मध्यापासून बाहेर पसरणाऱ्या, चांगल्या टिकलेल्या नाण्यावर त्या अक्षरांच्या पायाशी दिसतात. शिवाय धातू अक्षराच्या पायाशी थोडा उताराचा असतो, भिंत जमिनीला जिथे मिळते तिथे गिलाव्याचा गोल उतार असावा तसा. मातीतून आलेल्या नाण्याच्या फील्डमध्ये खड्डे असतात, ते लोकांना आवडत नाहीत, म्हणून कुणीतरी ती सगळी जागा खरवडून, घासून गुळगुळीत करतो. मग होतं काय, जमीन खाली जाते आणि अक्षरं उंच राहतात, आणि अक्षरांच्या भोवती एक अरुंद चर पडतो कारण अवजार अक्षराच्या अगदी कडेला लावता येत नाही किंवा लावलं तर जास्तच खोल जातं. माझ्या नाण्यावर एफ आणि ए च्या भोवती असा चर स्पष्ट होता. झिजलेलं अक्षर रुंद आणि बुटकं असायला पाहिजे, ही अक्षरं उंच, पातळ, भिंतीसारखी सरळ. आणि चेहऱ्यावर खड्डे, काठावर खड्डे, पण मधली मोकळी जागा आरशासारखी. एकाच मातीत एकच नाणं १८०० वर्षं पडलेलं, मातीनं चेहरा खाल्ला आणि जमीन सोडली असं कसं होईल?

नाण्याचा काठ तर बघाच बघा. टूलिंगवाला दोन्ही बाजूंवर जीव ओततो आणि काठ विसरतो. काठावर जो रंग आहे, जो खरबरीतपणा आहे, तो खरा इतिहास.

रंगावरून आठवलं. तांब्या-पितळेवर जो थर चढतो त्याला पटिना म्हणतात, हिरवा, तपकिरी, काळसर, कधी खाली लालसर. तो शतकानुशतकं धातूतूनच तयार झालेला असतो, म्हणून कोरलं की तो तुटतो आणि खालचा पिवळा धातू उघडा पडतो, आणि तो झाकण्यासाठी वरून रंग लावावा लागतो. मी खिडकी उघडी ठेवून कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेतलं आणि अक्षरांच्या कडेनं हलकेच फिरवलं. खऱ्या पटिनाला ॲसिटोननं काही होत नाही. माझा बोळा हिरवा झाला. एफच्या पायाशी पितळ चमकायला लागलं, आणि ते बघून पोटात खड्डा पडला हे सांगायला मला संकोच नाही.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा, प्रत्येक ओरखडा म्हणजे टूलिंग नाही. जमिनीतून नाणं निघतं तेव्हा त्यावर दगडासारखी माती बसलेली असते, ती सुईनं, स्काल्पेलनं, मायक्रोस्कोपखाली कणाकणानं काढतात आणि त्यात एखादा ओरखडा पडतोच. ती साफसफाई, तिथे हेतू असतो नाण्यापर्यंत पोचायचा. त्यापुढची पायरी स्मूदिंग, खड्डे घासून जागा सपाट करणं, यात वस्तूचं नुकसान आहे पण चित्र कुणी नव्यानं काढलेलं नाही. आणि टूलिंग म्हणजे झिजलेलं किंवा नसलेलं पुन्हा कोरणं. काही जण म्हणतात की स्मूदिंग चालतं, सगळेच करतात. माझं मत, विकणाऱ्यानं स्पष्ट लिहिलं असेल आणि किंमत त्याप्रमाणे कमी असेल तर ज्याला हवं त्यानं घ्यावं, मी घेणार नाही. टूलिंगच्या बाबतीत मात्र मला तडजोड मान्यच नाही, कारण त्या नाण्यावर कधीतरी रोममधल्या एका कारागिराच्या हाताचं काम होतं, आपल्याला त्याचं नाव माहीत नाही, त्याचं आपल्यापर्यंत पोचलेलं सगळं म्हणजे त्या रेषा, आणि कुणीतरी त्या पुसून तिथे स्वतःच्या काढतो.

घरगुती उपायांबद्दल एक विनंती. गावाकडे कुणाला जुनं तांब्याचं नाणं मिळालं की पहिलं काम म्हणजे चिंच-मीठ लावून तांब्यासारखं लख्ख घासणं. कृपा करून करू नका, एका मिनिटात सगळं जातं आणि परत येत नाही. हां, एक हिरवा मात्र खरंच वाईट असतो, फिकट, पिठासारखा, नखानं उकरला तर भुकटी निघते. त्याला इथे ब्राँझ डिसीज म्हणतात, धातूतले क्लोराइड हवेतल्या ओलाव्यासोबत धातू खात राहतात. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तो कळंक आपल्याला माहीत आहे, हा त्याच्याहून चिवट. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं आणि कोरडं ठेवायचं आणि जाणकाराला दाखवायचं.

आता त्या गोलावरच्या काहीतरीकडे येतो, कारण माझ्या नाण्याचा खरा निकाल तिथे लागला. विकणाऱ्याच्या वर्णनात लिहिलं होतं, हातात गोल, त्यावर विजयदेवता. आणि भिंगाखाली खरंच एक छोटी पंख असलेली बाई दिसत होती, हात पुढे करून. मला आधी शंका आली नाही, कारण रोमन नाण्यांवर गोलावर उभी विजयदेवता कितीदा तरी असते. पण अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा जो ऑनलाइन कॅटलॉग आहे, ओक्रे नावाचा, फुकट आहे, त्यात फाउस्तिनाची नाणी एकेक करून काढली. बसलेली आएतेर्नितास, राजदंड, गोल, सगळं जुळलं, पण गोलावर विजयदेवता नाही, फिनिक्स. स्वतःच्या राखेतून पुन्हा जन्मणारा पक्षी, डोक्यामागे तेजोवलय, शाश्वततेच्या हातात तोच शोभतो. ब्रिटिश म्यूझियमच्या साइटवर बघितलं, लिलावांच्या अर्काइव्हमध्ये बघितलं, जितकी मिळाली तितक्या सगळ्यांवर फिनिक्स. म्हणजे झालं असं असणार की माझ्या नाण्यावरचा पक्षी झिजून झिजून एक उंचवटा राहिला होता, आणि कोरणाऱ्याला मूळ नाणं माहीत नव्हतं, त्यानं आपल्या अंदाजानं त्या उंचवट्यातून बाई काढली. पंख त्याला सापडले होते, चोचीचा त्यानं हात केला.

म्हणून म्हटलं, वाचता आलं पाहिजे. हात कितीही सफाईदार असला तरी कोरणाऱ्याला त्या जागी काय होतं ते माहीत असावं लागतं, आणि पुष्कळदा ते त्याला माहीत नसतं. एन उलटा काढलेला, एका अक्षराची दुसऱ्याशी गल्लत, पुरुषाच्या कपड्याच्या चुण्या बाईच्या अंगावर.

हा प्रकार आजचा नाही. इटलीत सोळाव्या शतकातच संग्राहकांना सुंदर सेस्टर्शियस हवे होते आणि पदुआच्या जोवान्नी दा कविनोनं, १५०० ते १५७० हा त्याचा काळ, स्वतः ठसे कोरून रोमन धर्तीची अप्रतिम पदकं पाडली, आजही त्यांना पदुअन म्हणतात आणि लोक ती मुद्दाम जमवतात. त्याचं काम मला आवडतं कारण ते त्याचं आहे. खरी नाणी घेऊन त्यांना दुसरंच कुणीतरी बनवणं हे वेगळं. इ.स. ६९ मध्ये ओथो नावाचा सम्राट जेमतेम तीन महिने टिकला, त्याची सोन्या-चांदीची नाणी आहेत पण रोमच्या टांकसाळीत त्याच्या नावानं पितळेची-तांब्याची पडलीच नाहीत. आणि संग्राहकाला तर सगळ्या सम्राटांचा संच पुरा करायचा असतो! म्हणून दुसऱ्या सम्राटाच्या सेस्टर्शियसवर नाव आणि चेहरा कोरून ओथो तयार करायचे. कुणी तुम्हाला रोमच्या टांकसाळीतला ओथोचा सेस्टर्शियस दाखवला तर भिंगसुद्धा काढायची गरज नाही.

कापलेलं प्रत्येक नाणं मात्र खोटं नसतं, हे आपल्याकडची नाणी बघून शिकलो. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईजवळ १८९८ मध्ये ५०१ रोमन सोन्याच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून सरळ छिन्नीचा घाव आहे. का घातला यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत, पण घाव त्या काळातला आहे, इथल्या माणसानं घातलेला आहे आणि त्यानं काही लपवलेलं नाही. तसंच नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेली क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी, त्यातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा परत मारलाय. खाली नहपानाचं नाक दिसतं आणि त्याच्यावर सातवाहनांचा चैत्य. तिथेही मामांचाच नियम लागतो, धातू दाबला गेलाय, खरवडून काढलेला नाही.

विकणाऱ्याला मी मेल केला. उत्तर सभ्य होतं पण त्यांनी माझंच लक्ष वर्णनातल्या एका ओळीकडे वेधलं, फील्ड किंचित गुळगुळीत केलेले आहेत, असं खरंच लिहिलेलं होतं. केसांबद्दल आणि त्या विजयदेवतेबद्दल एक शब्द नव्हता. मी फिनिक्सचे फोटो, हिरव्या बोळ्याचा फोटो, यूएसबी मायक्रोस्कोपमधून काढलेल्या रेघांचे फोटो सगळं पाठवलं, तीन आठवडे मेल चालले, शेवटी निम्मे पैसे परत आले आणि नाणं माझ्याकडे राहिलं. तेव्हा राग आला होता, अजूनही आठवलं की येतो. पण नाणं विकायचं नाही हे मी त्याच दिवशी ठरवलं, कारण मी विकलं तर दोन-तीन हातांनंतर वर्णनातून टूलिंग हा शब्द गळून पडेल आणि कुणीतरी परत बायकोला ते केस दाखवत बसेल.

त्यानंतर मी फाउस्तिनाची दुसरी नाणी घ्यायला लागलो, साधी, झिजलेली, २५-३० पाउंडांची. त्यातल्या एकावर चेहरा म्हणजे नुसती कडा राहिलीय, पण आडव्या उजेडात धरलं की अंबाड्याच्या खाली चार खऱ्या वेण्या दिसतात, गोल माथ्याच्या. मामांना त्याचा फोटो पाठवला तर त्यांनी तो मोठा करून कारखान्यातल्या पोरांना दाखवला.

आणि गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली, त्यासाठीच खरं तर आज लिहायला बसलो. एकाच ठशातून अनेक नाणी निघायची, त्यामुळे आपल्या नाण्याचं सख्खं भावंड शोधता येतं. केस बदललेले असले तरी अक्षरांच्या जागा सहसा बदलता येत नाहीत, कुठलं अक्षर अंबाड्याच्या बरोबर वर येतं, शेवटचा ए खांद्याच्या टोकापासून किती लांब आहे, मानेची रेषा कुठल्या अक्षराकडे रोखलेली आहे. या खुणा कागदावर उतरवून मी संध्याकाळी जेवणानंतर अर्धा-पाऊण तास लिलावांच्या अर्काइव्हमधल्या फाउस्तिना बघत होतो, पाच महिने. आणि सापडली. टी चा आडवा दांडा एका बाजूला किंचित खाली झुकलेला, अंबाड्याचं टोक त्याच अक्षराखाली, खांदा त्याच जागी. तोच ठसा. हे नाणं कुणी छेडलेलं नाही, नाकावर थोडी झीज, काठाला एक चीर, पण केस सगळे जागच्या जागी.

माझ्या नाण्यावर कानावरून सरळ खाली कोरलेल्या त्या ११ रेघा मूळ ठशात नाहीतच. तिथे केस लाटांसारखे मागे वळवलेत, कानाचा वरचा भाग झाकून, आणि मानेवर एक बारीक बट सुटलेली आहे जी टूलिंगवाल्यानं पार घासून टाकली. मोत्यांची म्हणून मी जी माळ बायकोला दाखवली होती ती माळ नाहीच, वेणीचे पेड आहेत.

तो फोटो प्रिंट करून ट्रेमध्ये माझ्या नाण्याच्या खाली ठेवलाय. मामांनाही पाठवला, त्यांनी बट कुठे सुटते तिथे लाल गोल काढून परत पाठवला. मागची बाजू मात्र दुसऱ्या ठशातली निघाली, समोरचा ठसा तोच असला तरी मागचे ठसे बदलत राहायचे, तेव्हा माझ्या देवीच्या हातातला फिनिक्स नेमका कसा होता, पंख मिटलेले की पसरलेले, ते अजून कळलेलं नाही. शोधतोय.